मृदुलाच्या आईचे केस

“हिचे पण कुरळेच होते हो,” माझ्या सासूबाई, माई, म्हणाल्या आणि माझी वेणी त्यांनी दोन बोटांनी उचलून सगळ्या बायकांना दाखवली. “बाळंतपणानंतर टायफॉइड झाला. झडून गेले. परत आले ते हे असे, सरळसोट.”

कॉलनीच्या गणपतीतलं हळदीकुंकू चालू होतं. सतरंजीवर बसलेल्या सगळ्या बायका मला कधीही न झालेल्या टायफॉइडबद्दल चुकचुकल्या. माझं बाळंतपणही झालेलं नव्हतं, पण ते असो.

झालं होतं असं, की आमच्या समोर राहणाऱ्या चौधरी वहिनींनी मृदुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कौतुकानं विचारलं, “इतके कुरळे केस कोणाचे घेतले गं बाई? पप्पांचे नाहीत, आजीचे नाहीत.”

“माझ्या आईचे,” मृदुला तोंडातला पेढा गिळून म्हणाली.

“अगं, आई तर ही बसली. हिचे कुठे कुरळे आहेत?”

मृदुलानं माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांची पोर, पण पुढचं वाक्य तिच्या ओठावर आलेलं मला स्पष्ट दिसलं. तेवढ्यात माईंनी टायफॉइड काढला. वर आणखी म्हणाल्या, “आता परत कुरळे करून घेणार आहे ती. ते पार्लरमध्ये करतात ना, तसे.”

“मग आपल्या हेमाकडेच जा की वहिनी,” चौधरी वहिनी खूश होऊन म्हणाल्या. “पर्म एकदम भारी करते. मी सांगून ठेवते तिला.”

अशा रीतीनं माझ्या डोक्याचा निकाल माझ्या हातात हळदीकुंकवाचा करंडा असताना दुसऱ्यांनी लावून टाकला.

मृदुलाची आई शैलजा. मृदुला तीन वर्षांची असताना ती गेली, आणि वर्षभरानं मी त्या घरात आले. मी एकतिशीला पोचलेली, माझ्या माहेरी माझं लग्न हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारायचं बंद झालेलं. लग्नानंतर महिन्याभरातच ह्यांनी शांतपणे सांगितलं, “आपल्याला मृदुला आहेच. आणखी नको.” हे फार शांत गृहस्थ. कुठलीही गोष्ट ओरडून सांगायचे नाहीत, म्हणून भांडताही यायचं नाही. तर मृदुला हीच माझी मुलगी होणार होती, झाली तर. दुसरी संधी नव्हती.

त्या जूनमध्ये ह्यांची बदली वाईहून जळगावला झाली. सामान लावतानाच ह्यांनी ठरवून टाकलं, की इथे कोणाला काही सांगायचं नाही. पोरीच्या मागे ‘सावत्र’ हा शब्द लागायला नको. शैलजाचा फोटो भिंतीवर लागलाच नाही, ट्रंकेत राहिला. माझ्या गळ्यातला सवतीचा टाक माईंनी स्वतः काढून देवाच्या डबीत ठेवला. पहिलीच्या नावाचा तो चांदीचा इवलासा पत्रा दुसरीनं गळ्यात घालायचा, अशी त्यांच्याकडची रीत. तो उतरला तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगते, मला आनंद झाला. निदान एका गावात तरी मी पहिली होते.

मृदुला मला ‘काकू’ म्हणायची. त्याचीही सोय ह्यांनी लावली होती. “एकत्र कुटुंब होतं आमचं. चुलतभावंडांचं ऐकून हीपण आईला काकूच म्हणते.” लोकांना हे पटायचं. आपल्याकडे आईला वहिनी म्हणणारी, ताई म्हणणारी माणसं काही कमी नाहीत. सगळं कसं व्यवस्थित बसलं होतं. फक्त पोरीचे केस काही केल्या बसेनात.

घरी येताना मी माईंना म्हटलं, “माई, हे काय सांगून बसलात?”

“मग काय सांगायला हवं होतं? तूच सांगायचंस काहीतरी. तू आपली ठोकळ्यासारखी बसलीस.”

“पण मला नाही कुरळे करायचे.”

“केसच आहेत कुमुद. नाक नाही कापायला सांगत कोणी.” मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, “आज मी होते म्हणून निभावलं. पोरगी उद्या शाळेत बोलेल. मी काय जन्मभर इथे राहणार आहे? तिकडे वाईला तुझे सासरे थोरलीच्या हातचं अळणी खाऊन बसलेत.”

माई आमची घडी बसवून द्यायला म्हणून आल्या होत्या. दिवाळीनंतर जाणार होत्या. त्या वाईट होत्या असं मी म्हणणार नाही, तसं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

माझ्या केसांबद्दल सांगायला हवं. मी दिसायला बेताची. बघायला आलेले लोक चहा पिऊन जायचे आणि पत्रिका जमत नाही असं कळवायचे. पण माझी वेणी कमरेच्या खाली जायची. आई रविवारी अंगणात मला पुढ्यात घेऊन तेल लावायची आणि म्हणायची, बाकी काही असो, केसात हात घालणारा नशीबवान. त्या नशीबवानाच्या घरी येऊन वर्ष झालं होतं आणि अजून त्यानं केसात हात घातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहा देताना मी ह्यांना विचारलं, “माईंनी सांगितलं ना तुम्हाला?”

“हं.”

“मग? करू?”

“तुझी इच्छा.”

“माझी इच्छा नाही विचारत. तुम्हाला आवडेल का, ते विचारतेय.”

ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. “मृदुलासाठी बरं पडेल,” म्हणाले. एवढ्या सभ्य माणसाशी काय बोलणार? मी कप उचलले आणि मग न राहवून विचारलं, “तिचे केवढे होते? लांब?”

ह्यांना ‘ती कोण’ असं विचारावं लागलं नाही. ते उठले, माझ्याजवळ आले आणि तळहाताची कड माझ्या खांद्यावर, गळ्याच्या जरा खाली टेकवली. “इथपर्यंत,” म्हणाले. हात क्षणभर तिथेच राहिला. मग ते अंघोळीला गेले. लाज वाटते सांगायला, पण मला तो हात हवाहवासा वाटला.

हेमा भावसारचं पार्लर नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि नाकात झोंबणारा वास. तिनं माझी वेणी सोडली, केस पाठीवर पसरले आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिली.

“वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? इथं बायका असे केस मिळावे म्हणून जीव टाकतात.”

“कुरळे करायचेत.”

“एवढ्या लांबीला धरणार नाहीत. वजनानं ओढले जातात. कापावे लागतील.”

“किती?”

“खांद्यापर्यंत तरी. आणि एकदा औषध लागलं की परत सरळ होत नाहीत, वाढून खाली जातील तेव्हा जातील. दर सहा महिन्यांनी मुळाशी परत करायला यावं लागेल.” तिनं केस पुन्हा गोळा केले. “एक विचारू? राग मानू नका. तुमच्या मनानं आलात का? नवऱ्यानं सांगितलं म्हणून येतात बायका, आणि मग ह्या खुर्चीवर बसून रडतात. मला रोलर लावायचे सोडून त्यांचे डोळे पुसावे लागतात.”

“विचार करून सांगते,” मी म्हटलं.

“करा. केस कुठं जात नाहीत पळून.”

घरी आले ती ठरवूनच, की नाही करायचे. भिंतीवर न लागलेल्या फोटोला मी माझ्या डोक्यावर जागा का म्हणून द्यायची? माईंना सरळ सांगायचं, फार तर चार दिवस तोंड फुगवतील. दारातच मृदुलाचं किंचाळणं ऐकू आलं. माई तिचे केस विंचरत होत्या. त्या केसांशी रोज युद्ध चालायचं. गाठी सोडवताना पोरगी रडायची, माई कावायच्या आणि शेवटी फणी माझ्याकडे यायची. माझ्याकडे ती कमी रडायची. वर्षभरात माझ्या वाट्याला तिचं एवढंच आलं होतं, सकाळची ती वीस मिनिटं.

मी फणी घेतली, खोबरेल तेलाचं बोट लावून एक एक गाठ सोडवायला लागले.

“काकू, तू पण कुरळे करणार?”

“कोण म्हणालं?”

“आजी.”

“बघू.”

तिनं आपली एक बट ओढून पाहिली. मग म्हणाली, “तुझे असे झाले की तुला पण दुखेल विंचरताना.”

“दुखेल ना.”

“मग मी विंचरीन तुझे. हळू. तू कशी मला करतेस, तशी.”

ती पाठमोरी होती, म्हणून माझा चेहरा तिला दिसला नाही. ज्या पोरीनं वर्षभरात आपणहून माझा हात धरला नव्हता, ती माझे केस विंचरायला तयार झाली होती. एवढं पुरलं. माईंसाठी नाही, ह्यांच्यासाठी नाही, चौधरी वहिनींच्या चौकशांसाठी तर नाहीच नाही. मी त्या वाक्यासाठी गेले, आणि आजही कोणी म्हटलं की सासूनं जबरदस्ती केली, तर मी ते ऐकून घेत नाही.

हेमानं वेणी एका कापात तोडली नाही. आधी वर आणि खाली रबर लावले, मग मध्ये कात्री घातली. कात्रीला जोर लागत होता. “घरी नेता का?” तिनं विचारलं. मी नको म्हटलं. मग तिनं बारीक बारीक बटा कागदात धरून प्लास्टिकच्या नळ्यांवर गुंडाळल्या, त्यावर औषध ओतलं. डोळ्यांत पाणी येईल असा वास होता. “वासानंच येतंय ना?” ती म्हणाली. मी म्हटलं, “वासानंच.”

दार माईंनी उघडलं. मला बघून त्या दोन पावलं मागे सरल्या आणि दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. मग पदर डोळ्यांना लावून आत निघून गेल्या. संध्याकाळी हे आले. बूट काढता काढता त्यांनी वर पाहिलं आणि एक बूट हातात तसाच राहिला. “छान,” म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मृदुला मात्र नाचली. “बघू, बघू,” करत तिनं माझी एक बट ओढली, सोडली, पुन्हा ओढली. सकाळी शाळेआधी ती खरोखरच फणी घेऊन माझ्या मागे स्टुलावर उभी राहिली. मला मुद्दाम ‘आई गं’ म्हणायला लावायची आणि हसायची. चौधरी वहिनी म्हणाल्या, “आता कशा मायलेकी शोभता!” आठवडाभर मी हवेत होते. आरशात बघायचं टाळत होते, एवढंच.

मग पितृपंधरवड्यातली नवमी आली. अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात. तिची ओटी भरतात, तिला साडी देतात. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. वाईला असताना माई शेजारच्या एका भाचेसुनेला बोलवायच्या.

आदल्या दिवशी दुपारी मी म्हटलं, “चौधरी वहिनींना सांगू का उद्याचं?”

“आणि त्यांनी विचारलं कोणाच्या नावानं, तर?”

“तुमच्या सासूबाईंच्या, सांगा. त्याही सवाष्णच गेल्या ना.”

माईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवाला लाथ मारली. “नाव घेऊन पाणी सोडायचं असतं कुमुद. दुसऱ्याचं नाव घेतलं तर तिला पोचायचं कसं? उपाशी राहील ती.” हळदीकुंकवात टायफॉइड रचून सांगणारी बाई मेलेल्यांशी खोटं बोलायला तयार नव्हती.

“मग तुम्ही बसा.”

“मी सासू. तिनं मला नमस्कार करायचा, की मी तिच्या पानावर बसायचं?” मग त्यांची नजर माझ्या कपाळावरून वर गेली. “तूच बस.”

“मी? मी तर घरची.”

“ती पण घरचीच होती.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते दारात उभे होते, सगळं ऐकत होते. म्हणाले, “एका दिवसाचा प्रश्न आहे.”

तर नवमीला पहाटेपासून स्वयंपाक मीच केला. वडे, खीर, आमसुलाची चटणी, आणि तिला आवडायची म्हणून गवारीची भाजी खोबरं घालून. मग माईंनी मला हातपाय धुवायला लावले, नवी मोरपंखी साडी दिली. मोरपंखी रंग मला कधीच शोभला नाही. पाटावर बसले तेव्हा माईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि केसात गजरा माळला. “सावकाश जेव हं शैलजा,” त्या म्हणाल्या. चूक म्हणून नाही. त्या दिवशी तेच नाव घ्यायचं होतं.

हे वाढायला आले. वर्षभरात ह्यांनी मला कधी वाढलं नव्हतं. माझ्यासमोर वाकून, पानात खीर घालत ते म्हणाले, “आणखी घे ना. पोटभर जेव.” इतक्या मऊ आवाजात हा माणूस बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, टक लावून, ओल्या डोळ्यांनी. मी ज्याची वाट पाहत होते ती नजर हीच, आणि ती माझ्या अंगावरून आरपार जात होती. गवार मला आवडत नाही. मी ती सगळी खाल्ली.

मृदुलाला त्या दिवशी शाळेत पाठवलं नव्हतं. माईंनी तिला सांगून ठेवलं होतं, “आज तुझी आई जेवायला येणार आहे हं.” ती कोपऱ्यात बसून केव्हाची बघत होती. मग हळूच आली, माझ्याजवळ चिकटून बसली, माझ्या दंडावर गाल टेकवला आणि अगदी कानाशी म्हणाली, “आई.”

त्या शब्दासाठी मी वेणी दिली होती. तो आला आणि मला ‘ओ’ देता येईना. कारण ती मला हाक मारत नव्हती. पण न बोलणं तरी कसं जमावं? “काय गं बाळा,” मी म्हटलं. तिनं डोळे मिटून घेतले.

जेवण झालं. माईंनी ओटी भरली, विडा दिला आणि म्हणाल्या, “आता सवाष्णीनं उंबऱ्याबाहेर जायला हवं. जेवून गेली असं झालं पाहिजे. पाच मिनिटं जिन्यात थांब, मग ये.”

मी ओटीचा पदर सावरून उठले. मृदुलानं साडी धरली. “आई, जाऊ नको.” ह्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. मी बाहेर पडले आणि माझ्यामागे माझ्या घराचं दार बंद झालं. आतून ती पोर ऊर फुटून रडत होती. “आई, नको ना जाऊ, मी तुझे केस विंचरते, आई.” आणि मी दाराच्या बाहेर, हातात नारळ घेऊन उभी. वाटलं, आत्ता दार ढकलावं आणि तिला उचलून घ्यावं. पण कोण म्हणून उचलणार होते? जिला ती बोलावत होती तिला परत यायची परवानगी नव्हती.

समोरचं दार उघडलं. चौधरी वहिनी कचऱ्याचा डबा घेऊन उभ्या. “अरे वा, नवी साडी! कुठे निघालात? आणि आत कोण रडतंय?”

“मृदुला,” मी म्हटलं. “हट्ट करतेय.”

“माझ्या पोरी पण अशाच रडतात, मी जरा बाहेर पडले की. आईशिवाय करमत नाही त्यांना.”

त्या हसून आत गेल्या. थोड्या वेळानं माईंनी दार उघडलं. “ये कुमुद,” म्हणाल्या. त्या दिवसातली माझ्या नावाची ती पहिली हाक. हे खिडकीकडे तोंड करून उभे होते, वळले नाहीत.

मृदुला धावत दाराशी आली. मी खाली बसले, दोन्ही हात पुढे केले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे, जिन्यात, खालच्या वळणापर्यंत पाहिलं.

“काकू,” ती म्हणाली, “आई गेली?”

“गेली,” मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिचं उष्टं ताट उचललं.